टिचबटणांचा शर्ट

या, असे जवळ सरकून या. भिंतीला टेकलात तरी चालेल, पाय पसरलेत तरी कोणी रागावणार नाही. दिवसभर राबून आलेला माणूस कीर्तनात पेंगला, तर देव त्याच्यावर रुसत नाही. उलट टाळकऱ्यांना म्हणतो, जरा हळू वाजवा. तुम्ही दमून आलात हे तुमच्या चेहऱ्यावरच दिसतंय, म्हणून आज दमलेल्या माणसांचीच गोष्ट सांगतो. यात राजा नाही, राक्षस नाही, शापही नाही. एक बाप आहे, एक लेक आहे आणि एक शर्ट आहे. तेवढ्यावर आपलं आख्यान पार पडेल.

तर ही लेक दूरदेशी एका मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती. इस्पितळातल्या शेकडो खाटांच्या चादरी तिथे येत, धुऊन निघत आणि परत जात. लेकीचं काम गरम रुळांच्या मशीनपाशी. मशीनमधून चादर सपाट होऊन बाहेर आली की दोघींनी दोन टोकं धरायची, झटका द्यायचा, कोपऱ्याला कोपरा लावायचा, एकमेकींकडे चालत यायचं, घडी हातात द्यायची आणि परत मागे जायचं. पुढची चादर तयारच असायची. फुगडीच म्हणा ना, फक्त गाणं नाही आणि संपत नाही.

समोरचं टोक जिच्या हातात असायचं, तिला सगळी लाँड्री मावशी म्हणायची. जिभेनं तिखट, पण चादर कधी हातची सोडली नाही.

"बापाला आणतेस म्हणे कायमचा," मावशी एकदा कोपरा जुळवत म्हणाली.

"अर्ज तरी करते."

"कर बाई. मी भावाला आणलं होतं, नियम सैल होते तेव्हा. बायकोपोरांसकट आणलं. आता वहिनी मला विचारते, ताई, तुम्ही इथे अजून किती दिवस आहात? माझ्याच घरात."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, तुम्ही निघालात की निघते."

लेक हसली. हसायलाही जरा जोर लावावा लागला, कारण उभं राहून राहून पोटऱ्या दगड झाल्या होत्या. पण अर्ज करायचा हे तिनं पक्कं केलं होतं. तिची आई गेली तेव्हा रजा मिळून, विमान मिळून ती घरी पोचली, तोवर सगळं आटोपलं होतं. अप्पा दारात बसले होते आणि आलेल्या माणसांना तेच पाणी देत होते. अप्पांच्या वेळी असं होऊ द्यायचं नाही, एवढी एकच गाठ तिनं मनाशी मारली होती. भाऊ नाही, बहीण नाही. होते ते अप्पा, आणि अप्पांना होती ती.

अप्पा म्हणजे रिटायर झालेले बस कंडक्टर. माणूस गमत्या, पण हिशोबाला काटेकोर. लेक लहान असताना शाळेला सुट्टी लागली की त्यांच्या बसमध्ये त्यांच्याच शेजारी बसून फिरायची. कंडक्टरच्या पोरीला कोण तिकीट विचारणार? पण अप्पा स्वतःच्या खिशातून पैसे काढून गळ्यातल्या पिशवीत टाकायचे, अर्धं तिकीट फाडायचे आणि तिच्या मुठीत द्यायचे. "फुकट बसायचं नाही कुणाच्या गाडीत," ते म्हणायचे. "बापाच्याही नाही." डेपोतल्या लोकांनी तेव्हापासून तिचं नाव हाफतिकीट ठेवलं. आता तिचे केस पांढरे व्हायला लागले होते, तरी फोनवर अप्पांची सुरुवात ठरलेली. "काय हाफतिकीट, जेवलीस का?"

त्या देशाचा नियम असा होता: आईबाप एकटे असतील आणि रोजचं स्वतःचं स्वतःला करता येत नसेल, तरच पोटच्या पोरानं त्यांना स्पॉन्सर करावं, कायमचं बोलावून घ्यावं. जो धडधाकट आहे त्यानं पाहुणा म्हणून यावं, भेटावं आणि परत जावं. नियम निर्दय नव्हता. रांग मोठी होती आणि दार लहान होतं, म्हणून कोणीतरी तो केला असणार.

"तेव्हा वडिलांना काय काय जमत नाही ते लिहून द्या," लेकीनं अर्जासाठी गाठलेल्या वकीलबाई म्हणाल्या. "मोघम नको. अशक्त आहेत, वय झालंय, असं सगळेच लिहितात. तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलंत ते लिहा."

डोळ्यांनी तिनं खूप पाहिलं होतं. मागच्या वेळी घरी गेली होती तेव्हा पहाटे तिला जाग आली. अप्पा खिडकीपाशी उभे राहून शर्टाची बटणं लावत होते. हात असा थरथरत होता की बटण काजाजवळ जायचं आणि निसटायचं. बराच वेळ ती झटापट चालली. शेवटी त्यांनी शर्ट तसाच उघडा ठेवून वरून स्वेटर चढवला. उकाड्याचे दिवस होते. लेक अंथरुणावर होती, तिनं कूस बदलली आणि झोपेचं सोंग घेतलं. उठल्यावर म्हणाली, "अप्पा, स्वेटर?" तर म्हणाले, "जरा गार वाटतंय गं." ती म्हणाली, "हो, आहे खरा गारवा." आणि दोघांनी घाम पुसत चहा घेतला.

हे सगळं तिनं लिहिलं. जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या गाड्यामागे बसून लिहिलं. बटणांचं लिहिलं, दूध उतू गेल्याचं लिहिलं, जिना उतरताना ते भिंतीला हात लावून मध्येच थांबतात आणि कोणी आलं की भिंतीवरचा रंग तपासल्यासारखं करतात, तेही लिहिलं. एकेक ओळ लिहिताना तिला वाटायचं, बापाच्या अंगावरचं पांघरूण आपण चारचौघांत ओढतोय. कागद वकीलबाईंच्या हातात दिला तेव्हा ती त्यांच्याकडे न बघता खिडकीकडे बघत होती.

आणि काय लिहिलंय ते तिनं अप्पांना सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार? तुम्हाला बटण लावता येत नाही असं मी सरकारला कळवलंय, असं बापाला कसं म्हणायचं? नियम काय आहे, तेही तिनं धड सांगितलं नाही, कारण नियम सांगितला की पाठोपाठ कागदाची गोष्ट निघालीच. त्या देशाच्या कचेरीत अप्पांच्या मुलाखतीची तारीख आली तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "अप्पा, साहेब विचारतील त्याची उत्तरं द्या. घाबरू नका."

"घाबरायला मी काय पहिल्यांदाच साहेब बघतोय?" अप्पा म्हणाले. "तू बघच."

मंडळी, कीर्तनात बुवा जेव्हा म्हणतात ना, 'इथेच चूक झाली', तेव्हा मृदंगवाला एक थाप देतो. ती थाप इथे समजा.

मुलाखत झाली त्या दिवशी फोन आला. अप्पांचा आवाज कसा? वरातीतून आल्यासारखा.

"पास झालो गं. फर्स्ट क्लास."

"म्हणजे काय झालं तिथे?"

"काय व्हायचंय? विचारलं ते सगळं सांगितलं. न विचारलेलंही सांगितलं. साहेब लिहून लिहून दमला. शेवटी उठून हात मिळवला त्यानं माझ्याशी. बांधून ठेव म्हटलं सामान."

नेमकं काय सांगितलंत, असं लेकीला विचारायचं होतं. पण ते इतके खुशीत होते की तिनं तो प्रश्न तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी विचारू म्हणाली, मग त्याच्या दुसऱ्या दिवशी. माणूस दमलेला असला की वाईट बातमीलाही म्हणतो, थोडी थांब, पाय टेकतो आणि मग बघतो.

बातमी थांबली नाही. अर्ज नामंजूर होऊन आला. लिहिलं होतं: अर्जदार स्वतःची सर्व कामं स्वतः करण्यास समर्थ आहे, त्यानं तसं प्रत्यक्ष करून दाखवलं आहे. लेकीनं दिलेली माहिती वस्तुस्थितीशी जुळत नाही.

"दुसरं वाक्य जास्त वाईट आहे," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्ही खोटं लिहिलंत असा त्याचा अर्थ. अपील एकदाच करता येतं. तेही फेटाळलं तर यापुढे तुम्हाला कुणालाच बोलावता येणार नाही. वडिलांनी नेमकं काय केलं तिथे?"

लेकीनं अप्पांना नाही, त्यांच्या शेजारच्या वहिनींना फोन लावला. या वहिनी जिन्याच्या पलीकडच्या खोलीत राहायच्या, लोकांचे कपडे शिवायच्या आणि अप्पांवर लक्ष ठेवायच्या.

"अहो ताई, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल," वहिनी म्हणाल्या. "तारीख आल्यापासून कवायत चालली होती त्यांची. सकाळ झाली की जिना वर, जिना खाली. काठी माझ्या दाराआड लपवायचे. डोळेतपासणीच्या दुकानात जाऊन तो अक्षरांचा तक्ता पाठ करून आले. केसांना कलप लावला. कपाळाला लागला तो माझ्याकडून घासून घेतला."

"का पण?"

"मी विचारलं ना. म्हणाले, वहिनी, कंडक्टरच्या भरतीला डॉक्टर हात पुढे करायला सांगायचा. थरथरला की घरी. मग सबंध देशात घ्यायचं म्हटल्यावर कडक तपासणी नको का? म्हातारा, लटपटणारा माणूस कोण घेईल? पोर माझी इतकी वर्षं तिथे एकटी खपतेय, मी नापास झालो तर तिचं नाक कापलं जाईल."



"आणि ताई, माझाही हात आहे त्यात," वहिनींचा आवाज खाली आला. "तो शर्ट मीच करून दिला. वरून बटणं नुसती शोभेची, टाके घालून पक्की केलेली. खालून टिचबटणं. नुसतं दाबलं की टिच, ओढलं की उघडं. त्यांनी साहेबांसमोर सगळा शर्ट उघडून परत लावून दाखवला म्हणे, बघता बघता. घरी येऊन मला म्हणाले, वहिनी, तुमची शिलाई पास झाली."

हसावं की रडावं कळेना, म्हणून लेकीनं दोन्ही केलं नाही. फोन ठेवला, हात धुतले आणि मशीनपाशी जाऊन उभी राहिली. मावशीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही.

सांगायला तर हवंच होतं. ती कोऱ्या चादरींच्या खोलीत गेली. तिथे कापडाच्या थप्प्या छतापर्यंत लागलेल्या, त्यामुळे आवाज बाहेर जात नसे. दार ओढून घेतलं आणि तिनं फोन लावला.

"काय हाफतिकीट, जेवलीस का?"

"अप्पा, आपला अर्ज नामंजूर झाला."

"कुठल्या प्रश्नाला मार्क गेले?"

"कुठल्याच नाही. तुम्हाला सगळं जमतं म्हणून नाकारलं."

"म्हणजे?"

"ज्याला एकट्याला जमत नाही त्यालाच नेता येतं. तसा नियम आहे."

"हा कसला नियम? जो उडी मारून चढतो त्याला खाली ठेवायचं, आणि ज्याला पायरी चढवत नाही त्याच्यासाठी गाडी थांबवायची?"

"हो अप्पा. त्याच्यासाठीच थांबवतात."

"मग आधी का नाही बोललीस?"

आता आलं. लेकीनं थप्पीला पाठ टेकली. "कारण मी लिहून दिलं होतं, तुम्हाला काय काय जमत नाही ते. ते मला तुमच्यासमोर बोलवलं नाही."

"काय लिहिलंस?"

"जाऊ द्या ना."

"वाच. साहेबानं वाचलं, वकिलानं वाचलं. मीच तेवढा परका का?"

तिनं वाचलं. सगळं वाचलं. अप्पा ऐकत होते.

"स्वेटरचंही लिहिलंस," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"मला वाटलं, झोपली होतीस."

"जागी होते."

"जागी होतीस आणि वर म्हणालीस, गारवा आहे म्हणून."

"तुम्हीच म्हणालात ना आधी."

यावर दोघांपैकी एकजण एरवी हसला असता. अप्पा म्हणाले, "हे बघ. आयुष्यभर बिनतिकिटाची माणसं मी खाली उतरवली. म्हातारी उतरवली, रडणारी उतरवली, ओळखीची उतरवली. आता तू म्हणतेस मी साहेबापुढे हात पसरून सांगू, माझ्याजवळ काही उरलं नाही, मला लेकीच्या गाडीत फुकट बसू द्या? ते नाही जमायचं. मी इथे बरा आहे."

"बरे नाही आहात."

"तुझ्या कागदात नसेन. माझ्या घरात आहे."

आणि फोन ठेवला. पुढे कितीतरी दिवस त्यांनी उचललाही नाही. वहिनी सांगायच्या, जेवतात, झोपतात, पण जिन्यावर बसून राहतात. काठी आता दाराआड नसते, शेजारीच असते.

अपिलाची मुदत जवळ आली. लेकीनं मनाशी खूप जुळवाजुळव केली. नियम पुन्हा समजावायचा, वकीलबाईंचं सांगायचं, शपथ घालायची. पण ज्या दिवशी अप्पांनी फोन उचलला, त्या दिवशी मशीन मध्येच बंद पडल्यामुळे चादरी हातानं घडी करून करून तिचे खांदे उतरले होते. ती खोलीवर येऊन कोट न काढताच पलंगाच्या कडेवर बसली होती. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

"बोल," अप्पा म्हणाले.

"काय बोलू? दमले मी अप्पा."

"आजारी आहेस का?"

"नाही. नुसती दमले. रोज संध्याकाळी येते आणि किल्ली लावून दार उघडते. आत सकाळी ठेवलेला कप तसाच असतो, तिथल्या तिथे. कोणी तो हलवलेला नसतो. कुणी आतून नुसतं विचारावं ना, कोण आहे म्हणून. तुम्हाला नसेल गरज. मला आहे. एवढंच."

तिनं कोटाची बटणं काढायला सुरुवात केली, तर बोटं दुखत होती.

"तारीख कधीची आहे म्हणालीस?" अप्पांनी विचारलं.

देवाला शरण जाणं अवघड असतं, असं सगळे सांगतात. मला विचाराल तर ते त्यामानानं सोपं आहे. तो आपल्याला आधीच ओळखून असतो. पोटच्या पोरीसमोर शरण जाणं, तेही तिसऱ्या माणसाच्या साक्षीनं, याचं निरूपण मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. असो. मूळ पदावर येऊ.

अपिलाची सुनावणी पडद्यावर होती. लेक वकीलबाईंच्या ऑफिसात बसली. पडद्याच्या एका चौकटीत अधिकारीबाई, मागे फायलींचं कपाट, सर्दीनं लाल झालेलं नाक. दुसऱ्या चौकटीत दुभाषे. तिसऱ्या चौकटीत अप्पा. कलप उतरला होता. केस पांढरे, कानाजवळ थोडा तांबूस रंग राहिलेला. अंगात जुना शर्ट, वरची बटणं उघडी. स्वेटर नाही.

दुभाषे सुरू झाले, "अर्जदारांनी कृपया आपल्या दैनंदिन दिनक्रमाविषयी निवेदन करावे."

"साधं बोला हो," अप्पा म्हणाले. "मी कंडक्टर आहे, महाराज नाही."

मग ते अधिकारीबाईंकडे वळले. "बाई, मागच्या वेळी मी खोटं तिकीट दाखवलं. त्या शर्टाला टिचबटणं होती. अक्षरं पाठ केलेली होती. माझ्या पोरीनं लिहिलंय ते खरं आहे."

"सगळं?" अधिकारीबाईंनी विचारलं.

"एक चुकलंय तिचं. तिनं लिहिलंय दूध उतू गेलं होतं म्हणून. ती पाहुणी आली होती तेव्हाचं आहे ते. तेव्हा मी जपून होतो. एरवी रोजच जातं."

दुभाष्यांनी सांगितलं. अधिकारीबाईंनी लिहिलं. मग त्या पेन ठेवून जरा संकोचानं काही बोलल्या. दुभाषे या वेळी साधं बोलले. "त्या म्हणतात, शर्टाचं एक बटण लावून दाखवाल का?"

अप्पांनी दोन्ही हात वर आणले. उजव्या हाताच्या चिमटीत बटण धरलं, डाव्यानं काज धरलं. बटण काजापाशी गेलं, थरथरलं, निसटलं. परत धरलं. परत निसटलं. लेकीचं स्वतःच्या हातांकडे लक्ष नव्हतं, पण मांडीवर तिचा अंगठा आणि बोट आपोआप हलत होतं, हवेतलं बटण हवेतल्या काजातून ढकलत होतं. वकीलबाईंनी ते पाहिलं आणि मान वळवली.

"पुरे," अधिकारीबाई म्हणाल्या. ते दुभाष्याशिवायही कळण्यासारखं होतं.

"थांबा बाई," अप्पा म्हणाले. "एक लागेल."

त्या थांबल्या. कामाचा ढीग मागे असताना थांबल्या, चष्मा काढून हातात धरून थांबल्या, हे त्यांचं पुण्य. देव त्यांच्या पदरात टाको. अप्पांनी ओठ आवळले, मान खाली घातली, खांदा पुढे आणला. बराच वेळ गेला.

"नाही लागलं," ते म्हणाले आणि हात खाली ठेवले. मग पडद्यात बघून, लेक नेमकी कुठल्या चौकटीत आहे ते कळत नसल्यानं भलतीकडेच बघून, त्यांनी विचारलं, "काय हाफतिकीट, आता तरी झालो का पास?"

पास झाले. पण निकाल यायला पावसाळा गेला, हिवाळा गेला आणि पुन्हा पावसाळा आला. मध्ये एक कागद जुना झाला म्हणून नवा मागवला, डॉक्टरांच्या तपासणीची मुदत उलटून गेली म्हणून ती परत केली. लेक चादरींच्या घड्या घालत राहिली. मावशीनं तिला एकदा विचारलं, "तुझा बाप विमानानं येतोय की चालत येतोय?" वाट पाहण्यात एक वाईट असतं, आपण थांबलो म्हणून दुसरं काही थांबत नाही. लेकीनं कागदावर जे लिहिलं होतं, ते तेव्हाही खरं होतं, पण अप्पा त्यातून कसंबसं निभावून नेत होते. मंजुरी हातात आली तोवर तेही जमेनासं झालं होतं. वर आणखी दोन गोष्टी जमा झाल्या होत्या ज्या तिला लिहायच्या सुचल्याही नव्हत्या.

विमानतळावर अप्पा चाकाच्या खुर्चीतून बाहेर आले. मांडीवर पिशवी, पिशवीवर काठी. तिला पाहून त्यांनी हात उचलला.

"तिकीट काढून आलोय," म्हणाले. "फुकट नाही."

"हो अप्पा."

गाडीत बसेपर्यंत ते इकडेतिकडे बघत होते. मग हळूच विचारलं, "इथे चेकर असतो का?"

"कसला?"

"मला चालता येतंय का ते बघायला. अचानक गाडीत चढणारा."

"नाही हो."

"असला तरी भिऊ नकोस. आता खरंच येत नाही."

लेक गाडीच्या खिडकीकडे वळली. अप्पांनी तिच्या बाहीचं टोक धरून ठेवलं. ते घरापर्यंत सोडलं नाही.

आता त्या घरी रोजची घडी बसलीय. संध्याकाळी ती येते तेव्हा दार तिलाच किल्लीनं उघडावं लागतं, कारण अप्पांना उठून यायला वेळ लागतो. पण किल्ली वाजली की आतून आवाज येतो, "कोण आहे?" रोज तोच प्रश्न. दुसरं कोण असणार, हे त्यांना ठाऊक असतं. ती रोज सांगते, "हाफतिकीट." कप सकाळच्या जागेवर नसतो. कधी फुटलेला असतो, तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळलेले असतात.

आणि सकाळी कामावर निघायच्या आधी ती त्यांना शर्ट घालते. खालून बटणं लावत येते. वहिनींनी पिशवीत टिचबटणांचे दोन शर्ट भरून दिले होते, पण अप्पा ते घालत नाहीत. कपाटात तळाशी ठेवलेत. घालायचा तर साध्या बटणांचाच. ती वर वर येते आणि कॉलरच्या खालच्या बटणाशी पोचली की अप्पा तिचा हात बाजूला करतात.

"थांब. हे एक माझं."

ती थांबते. कोट अंगात, पिशवी खांद्याला, पायात बूट घातलेले. खिडकीतून तिची बस वळणावर येताना दिसते. थांब्याशी थांबते, माणसं घेते, जाते. मावशी तिथे चादरीचं दुसरं टोक खुर्चीच्या पाठीला खोचून एकटीच घड्या घालत असेल आणि मुकादमाला सांगत असेल, बाथरूमला गेलीय ती. अप्पांची चिमटी काजाजवळ जाते, निसटते. कधी लागतं. बहुतेक वेळा नाही लागत. नाही लागलं की ते म्हणतात, "उद्या बघू," आणि मान वर करतात. मग ती लावते आणि धावत पुढची बस पकडते.

एवढीच गोष्ट. उठताना गुडघे दुखतील, हळू उठा. आज घरी जाऊन देवापुढे निरांजन लावाल, आपल्या माणसांसाठी काही मागाल, तेव्हा त्या दाराशी उभ्या असलेल्या लेकीची एक आठवण काढा. तिची बस गेलीय, खांद्याला पिशवीचा पट्टा रुतलाय, आणि ती काही न बोलता बापाचं एक बटण लागायची वाट बघतेय.